पाच मिनिटांपुरती रुग्ण

भाडेकरूंचे किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. जिन्याखाली चपला साठतात, तसे ते आपोआप साठत जातात. बोईसरच्या माझ्या घरात वरच्या खोलीवर दोन परिचारिका राहतात. एक जव्हारकडची रंजना, दुसरी केळव्याजवळच्या कोळीवाड्यातली जयश्री. दोघींना आयर्लंडमध्ये नोकरी करावयाची आहे आणि त्यासाठी परिचारिकांकरिता असलेली इंग्रजीची परीक्षा द्यावयाची आहे. तीत पाच मिनिटे एका खोट्या रुग्णाशी बोलावे लागते. मी जुनी मॅट्रिक. त्यामुळे रोज सायंकाळी रुग्ण मीच.

पहिल्याच दिवशी रुग्णाची भूमिका सांगणाऱ्या सरावाच्या कार्डावर लिहिले होते की, रुग्ण वीस वर्षे धूम्रपान करतो. मी हरकत घेतली. या घरात आजवर विडी आलेली नाही आणि खोटे मी इंग्रजीतही बोलत नाही.

रंजना शांतपणे म्हणाली, "आजी, परीक्षेपुरती ओढा."

मी देव्हाऱ्याकडे पाठ येईल अशी खुर्ची फिरवली आणि दिवसाला दहा कबूल केल्या. रंजनेने इतक्या गोडीने समजावले की, पाचव्या मिनिटाला मी त्या दहाही सोडल्या!

रंजनेचे इंग्रजी बरे आहे, अडचण हातांची. रुग्ण रडवेला झाला की ती बोलणे थांबवून त्याचा हात धरते. मी तिला बजावले की, परीक्षेत फक्त आवाज टेप होतो. धरलेला हात त्यात ऐकू येत नाही.

"पन आजी, हात धरला का मानूस शांत व्हतो," ती म्हणाली. "मंग बोलायचं कशाला?"

माझा हात तिच्या हातातच होता; मी तो सोडवून घेतला नाही.

जयश्रीचे पत्रलेखन नेटके. परीक्षेत दिलेल्या माहितीवरून डॉक्टरांना पत्र लिहावयाचे, त्यात आवश्यक तेवढेच. एकदा मात्र तिने एका वृद्ध रुग्णाविषयी लिहिले, 'घरी एकटी असते. मुलगी परदेशी.' दिलेल्या माहितीत मुलगी कुठेच नव्हती. मी लाल पेन्सिलीने ते वाक्य खोडले आणि मग विचारले, "आईला सांगितलेस का?"

तिने सांगितले नव्हते. वडील गेल्यापासून घरात त्या दोघीच. परीक्षा दोन आठवड्यांवर आली, तरी आईपुढे तिचे तोंड उघडत नव्हते.

गेल्या रविवारी तिची आई भेटावयास आली. माझा घसा बसला होता, म्हणून रुग्णाच्या खुर्चीत मी तिलाच बसवले. कार्ड दिले नाही. जयश्रीला म्हटले, "आज अवघड बातमी सांगण्याचा सराव. नियम ठाऊक आहे ना? आपण सांगण्यापूर्वी रुग्णाला काय माहीत आहे, ते विचारावयाचे. आज मराठीत चालेल." आणि घड्याळ लावले.

जयश्रीने आपली खुर्ची आईजवळ ओढली, पुन्हा मागे सरकवली. रंजना उगाचच खिडकीपाशी गेली.

शेवटी जयश्री म्हणाली, "आये, तुला काय काय ठावं हाय?"

"तू जानार, ता ठावं हाय. लांब, आयर्लंडला. दोन-तीन वर्सं तरी येनार नाय, ताबी." आईने पदर सारखा केला आणि ती माझ्याकडे वळली. "बाई, तुमी शिकलेल्या. सुकं बोंबील इमानातून नेऊ देतात का नाय, तेवडं कुनाला तरी इचारून ठेवा."