तारेखालचं वाकणं

मुलांनो, आज सकाळी कमळाबाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन जाताना आपल्या फाटकासमोर गुडघ्यांत वाकली आणि चार पावलांनी पुन्हा सरळ झाली. खांबावरून आपल्या घरात येणारी विजेची तार तिथं फार खाली आली आहे. मी वायरमनला बोलावलं.

तो म्हणाला, "आजी, तार होती तिथंच आहे. दर डांबरीकरणाला रस्ता वर आलाय. वाकून जायला सांगा त्यांना."

"नियमातली उंची जमिनीपासूनच मोजतात ना? मग जमीन वर आली की तारही वर न्यायची."

"त्या बाईची तक्रार नाही, तुमचीच आहे."

खरंच होतं ते. डोक्यावरचं छप्परही असंच इतकं हळूहळू खाली येतं, की आपण वाकायला कधी शिकलो हे कळतच नाही. मीही पुष्कळ वर्षं वाकले आणि त्याला शिस्त म्हणत राहिले.

"तार वर घेता येईपर्यंत काढून ठेवा," मी म्हटलं. "माझ्याकडे कंदील आहे."

त्यानं तार काढली. तेव्हा ती वर बसेपर्यंत दोन दिवस चार्जिंगविना माझा फोन बंद लागेल, काळजी करू नका.

संध्याकाळी कमळाबाई परतताना सवयीनं तिथंच वाकली. मी फाटकातून म्हटलं, "सरळ चाल गं. वर काही नाही आता."