सव्वादोनच्या सासूबाई

माझ्या सासूबाईंना जाऊन अकरा वर्षं झाली, आणि गेल्या वैशाखात एका मंगळवारी दुपारी सव्वादोन वाजता त्या माझ्या छातीवर येऊन बसल्या.

वेळ नेमकी सांगते, कारण समोरच्या भिंतीवरचं घड्याळ मला स्वच्छ दिसत होतं. डोळे टक्क उघडे. पंखा फिरतोय, शेजारी कुणीतरी मिक्सर लावलाय, हातभर अंतरावर आमचे हे पेपर वाचतायत. सगळं दिसतंय, सगळं ऐकू येतंय, फक्त हलता येत नाहीये. हात नाही, पाय नाही, मान नाही. जीभ तर कामातूनच गेलेली. (यांच्या मते हे एकच लक्षण खरोखर काळजीचं होतं.) आणि छातीवर हिरवं नऊवारी नेसलेल्या सासूबाई! चौथी शिट्टी झाली तरी गॅस बंद न करणाऱ्या सुनेकडे ज्या नजरेनं त्या बघायच्या, त्याच नजरेनं बघत होत्या. मी किंचाळले, पण आतल्या आत. बाहेर हूं नाही की चूं नाही. त्या अर्ध्या मिनिटात घाबरून मी मनात आणखीही काहीतरी बोलले. ते मी मरेपर्यंत कुणाला सांगणार नव्हते. मग एकदम सुटले आणि उठून बसले.

आता माझी अडचण समजून घ्या. मी तीस वर्षं कर्वेनगरच्या एका शाळेत विज्ञान शिकवलं. निवृत्त झाल्यावरही कोथरूडच्या आमच्या सोसायटीतल्या मुलांना दर शनिवारी जमवते, प्रयोग दाखवते, आणि पहिल्याच दिवशी फळ्यावर दोन वाक्यं लिहिते. एक, भूत नसतं. दोन, खरं कारण शोधायचं तर एका वेळी एकच गोष्ट बदलून बघावी. इमारतीत काहीही विचित्र घडलं की लोक म्हणतात, बाईंना विचारा. आयुष्यात मिळवलेला हा एवढाच मान आहे माझा, आणि सासूबाई बरोब्बर त्याच्यावर येऊन बसल्या होत्या.

मी गप्प राहायला हवं होतं. पण अर्धवट झोपेत मी यांना सांगून टाकलं. यांनी पेपराची घडी घातली.

"आई आली होती?"

"हो."

"आणि मला हाक नाही मारलीस?"

मी म्हटलं, अहो, जीभ हलत नव्हती. त्यावर हे म्हणाले, दिवसभर हलते, नेमकी कामाच्या वेळी दगा देते. आणि सांगायचं म्हणजे यांच्या डोळ्यांत पाणी होतं. अकरा वर्षं दर श्राद्धाला हा माणूस आईच्या आवडीचे घारगे करवून घेतो (करवून घेतो, करत नाही), तिच्या फोटोला रोज हार घालतो, आणि ती आली ती सुनेकडे! मी छातीवरचं ओझं सोसलं, आणि अन्याय कुणावर झाला, तर यांच्यावर.

म्हणून मी समजावून सांगायला घेतलं. झोपेत स्वप्न चालू असतं तेव्हा मेंदू अंगाचा मेन स्विच बंद करून ठेवतो. नाहीतर स्वप्नात बसमागे धावणारा माणूस खरोखरच पलंगावरून धावत सुटायचा. कधीकधी आपण जागे होतो, पण तो स्विच चालू व्हायला थोडा वेळ लागतो. डोळे हलतात, श्वास चालतो, पण खोल श्वास घ्यायला गेलं तर घेता येत नाही, म्हणून छातीवर वजन वाटतं. मेंदू घाबरतो. स्वप्नही अजून पुरतं संपलेलं नसतं. मग वजन आहे म्हणजे कुणीतरी बसलेलं असणार, असं ठरवून मेंदू कुणालातरी आणून बसवतो.

"कुणालातरी म्हणजे आईलाच का?" यांनी विचारलं.

"घाबरलेल्या मेंदूला जे हाताशी सापडेल ते," मी म्हणाले, आणि म्हणता म्हणता माझं मलाच कळलं.

"अस्सं. म्हणजे घाबरायचं म्हटलं की तुला माझी आई सापडते."

बघा आता! भूत म्हणावं तर माझा मान जातो, विज्ञान म्हणावं तर संसार. बत्तीस वर्षं माझ्याशी संसार करूनही यांना भुताचं स्पष्टीकरण जास्त आवडलं, कारण त्यात आईची बदनामी नव्हती.

यांनी ताबडतोब कसब्यात फोन लावला. तिथे मालूवन्सं राहतात, माझ्या धाकट्या नणंदबाई. तासाभरात त्या हजर. चहा घ्यायच्या आधी निकाल दिला: आईला दुपारी लोळणारी माणसं कधीच आवडली नाहीत, तर वहिनींनी दुपारचं झोपणं बंद करावं. मी म्हटलं, मी पुण्यात राहते, दुपारची झोप हा इथे आळस नसतो, हक्क असतो. पण ऐकतंय कोण! नेहमीच्या डॉक्टरीणबाईंकडे मी स्वतः जाऊन आले. त्या म्हणाल्या, असं पुष्कळांना होतं, घाबरू नका, झोप पुरी करा, रोजच्या वेळा पाळा, उताण्या झोपू नका. घरी येऊन मी हे शब्दशः सांगितलं. त्यातलं 'झोप पुरी करा' एवढं सोडून बाकी सगळं मान्य झालं.

मग पहारा सुरू झाला, आणि त्यासाठी वन्संही रोज दुपारी येऊ लागल्या. मी जरा कुठे डोळा मिटला की हे खांदा हलवून विचारायचे, "अगं, आहेस ना?" कुठे जाणार होते मी? दुपारची झोप गेली, त्या काळजीनं रात्रीचीही उडाली, आणि झोप मोडली की हा प्रकार वाढतो, हे मी ओरडून सांगत असतानाच तो वाढला. पंधरा दिवसांत सासूबाई आणखी दोनदा येऊन गेल्या. भर म्हणून यांनी सोसायटीच्या ग्रुपवर 'आईंचे दर्शन' अशी वार्ता टाकली. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू तर त्यांच्या सासूबाईंची खुशाली विचारायला सांगून गेल्या, जशी काही मी टपाल नेते! त्या शनिवारी मुलं आली, तेव्हा फळ्यावर पहिलं वाक्य लिहायला माझा खडू उचलेना.

तेव्हा मी ठरवलं की आता बास. पुढच्या वेळी घाबरायचंच नाही. समोर दिसतंय ते मेंदूनं रचलेलं आहे, असं त्याला ठणकावून सांगायचं. वाक्यही तयार ठेवलं. आणि घरच्यांना बजावलं, की मला झोपू द्या. डोळे फिरतायत आणि अंग हलत नाहीये असं दिसलं, तर फक्त हात लावा, गदागदा हलवू नका.

बुधवारी दुपारी मी कितीतरी दिवसांनी गाढ झोपले. डोळे उघडले, तर सासूबाई. या खेपेला छातीवर नाही, बाजूने वाकून बघत होत्या. तेच हिरवं नऊवारी, तेच नाक, तीच नजर. मी मन घट्ट केलं.

"तुम्ही खऱ्या नाही," मी म्हणाले. "तुम्ही माझ्या मेंदूची चूक आहात, आणि मी तुम्हाला घाबरत नाही."

सासूबाई काही बोलल्या नाहीत. असा योग हयातीत कधी आला नव्हता, त्यामुळे मला जोर चढला. माझ्या माहेरच्या आमटीला त्या पाणी म्हणाल्या होत्या, ते काढलं. लोणच्याची बरणी मला न विचारता वन्संना दिली होती, ते काढलं. आणि शेवटी संतापाच्या भरात म्हणाले, "आणि तुमच्यापायी, तीस वर्षं विज्ञान शिकवलेली बाई मी, पहिल्याच दिवशी घाबरून गणपतीला नवस बोलले! वर्षभर दर संकष्टीला एकवीस उकडीचे मोदक! लाज वाटते मला!"

"वहिनी," सासूबाई म्हणाल्या, "नवस बोलून ठेवलात, आणि फेडला नाहीत?"

त्या मालूवन्सं होत्या. आई आलीच तर तिला बरं वाटावं म्हणून आईचं नऊवारी नेसून बसल्या होत्या! त्यांच्या मागे हे उभे, आणि यांच्या मागे दुसऱ्या मजल्यावरच्या काकू, खुशालीचं उत्तर न्यायला आलेल्या. चांगली चार मिनिटं माझी जीभ व्यवस्थित चालत होती. असा झटका आला की जीभ हलत नाही, हे मीच सगळ्यांना शिकवलेलं. कुणा विद्यार्थ्यानं अशी चूक केली असती, तर मी पेपरावर भोपळा दिला असता.

झालं! सगळ्यांना कारण सापडलं. नवस राहिला होता, त्याची आठवण करून द्यायला आई येत होती. यांचा चेहरा तर इतका निवळला, की मला क्षणभर बरंच वाटलं. आई सुनेला भिववायला नव्हे, सावध करायला आली होती. मी कळवळून सांगत होते, अहो, आधी त्या आल्या आणि मग मी नवस बोलले! कारण आधी असतं, परिणाम नंतर! पण वन्सं तांदळाची पिठी चाळायला लागल्या होत्या, आणि काकू जिना उतरल्या होत्या.

पुढच्या संकष्टीपासून मोदक सुरू झाले. दुपारची झोप मला परत मिळाली, मी आठवणीनं कुशीवर झोपू लागले, आणि सासूबाई आल्या नाहीत त्याला आता चार महिने झाले. घरात एकच वाद उरलाय. हे म्हणतात मोदकांमुळे, मी म्हणते झोपेमुळे आणि कुशीमुळे. परवा हे शांतपणे म्हणाले, "तूच फळ्यावर लिहितेस ना, एका वेळी एकच गोष्ट बदलून बघावी? मग बघ की एक काहीतरी सोडून."

मुद्दा बिनतोड होता. म्हणून विज्ञानाची चाड राखून मी कालपासून पुन्हा उताणी झोपायला लागले आहे. मोदक सोडून बघायची माझी छाती नाही.