शेठची दोन वेळची सुई

आमच्या रस्त्यावर त्यांना सगळे जावईबापूच म्हणायचे. खिडकीला काच बसवून घ्यायला आलेलं नवखं गिऱ्हाईकसुद्धा दुसऱ्या खेपेला "जावईबापू, माप घ्यायला कधी येता?" असं विचारायचं. हा शब्द मूळचा सासूबाईंचा. लग्न झाल्यापासून त्या याच नावाने हाक मारत आल्या, आणि हाकही अशी खणखणीत की पलीकडच्या फुटपाथवरची माणसं वळून बघायची. माझं पडद्यांच्या कापडाचं दुकान त्यांच्या दुकानाच्या भिंतीला लागूनच, त्यामुळे ती हाक मी इतकी वर्षं रोज ऐकली.

बायको गेली तेव्हा जावईबापू चाळिशीत होते. मूलबाळ नव्हतं. घर सासूबाईंचं, खाली काचेचं दुकान, वर दोन खोल्या. लोकांनी दोन्हीकडून सल्ले दिले. त्यांना म्हणाले, आता इथे तुमचं काय उरलंय? सासूबाईंना म्हणाले, जावयाला किती दिवस अडकवून ठेवणार? सासूबाईंनी स्वतः एकदा त्यांना समोर बसवून दुसऱ्या लग्नाचं सुचवलं. त्यांनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाले, "आई, मागच्या दाराची कडी सैल झालीय. उद्या बदलतो." विषय तिथेच मिटला. पुन्हा कोणी काढला नाही.

सासूबाई आयुष्यभर इस्पितळात नर्स होत्या. अंगाने बारीक, पाठ ताठ, केस घट्ट बांधलेले. त्यांचा हात असा हलका की इंजेक्शन झालं तरी पोरं "आता टोचणार ना?" म्हणून रडत राहायची. जावईबापूंचं अगदी उलट. काचेने दोन्ही हात कापून कापून त्यांच्या बोटांवर कातडीपेक्षा वण जास्त, पण सुई दिसली की चेहरा पांढरा पडायचा. रक्त तपासायचं असलं तर ते भिंतीकडे तोंड करून बसायचे. सासूबाई म्हणायच्या, "एवढे दांडगे जावईबापू, आणि मुंगीएवढ्या सुईला भितात!"

घरातलं तिसरं माणूस म्हणजे शेठ. हा एक पिवळा-पांढरा बोका. काचांच्या पेटीतल्या पेंढ्यात पिल्लू म्हणून सापडला आणि बघता बघता उशीएवढा झाला. दिवसभर दुकानात गल्ल्याशेजारी डोळे अर्धे मिटून बसायचा, म्हणून शेठ. येणारा-जाणारा प्रत्येक जण त्याच्यापुढे काहीतरी ठेवायचा. बिस्किट, पावाचा तुकडा, केकचा चुरा. शेठ कोणालाही नाही म्हणायचा नाही.

त्या वर्षी तो पाणी फार प्यायला लागला. वाटी पुरेना, तर बादलीत तोंड घालायचा. त्याचा शी-शूचा मातीचा ट्रे सकाळी बदलला तरी दुपारपर्यंत चिंब. खाणं दुप्पट झालं आणि तरी पाठीचा कणा हाताला लागू लागला. मग एक दिवस तो गल्ल्यावर उडी मारायला गेला आणि खालीच आपटला. चालताना मागचे पाय टाचेपर्यंत जमिनीला टेकवायचा, एखाद्या थकलेल्या म्हाताऱ्यासारखा.

सासूबाईंनी त्याला मांडीवर घेतलं, ओठ वर करून हिरड्या पाहिल्या आणि म्हणाल्या, "याला साखर झालीय."

"मांजराला कुठे साखर होते, आई?"

"का? त्याला काय रक्त नाही?"

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून तेच सांगितलं. बाई तरुण होत्या, पण बोलणं सावकाश, समोरच्याच्या डोळ्यांत उतरेपर्यंत थांबणारं. इन्सुलिन दोन वेळा, सकाळी आणि संध्याकाळी, रोज ठरल्या वेळेला. आधी खाऊ घालायचं, मग सुई. जेवला नाही तर सुई न देता फोन करायचा. बाटली फ्रिजमध्ये ठेवायची आणि हलवायची नाही, तळहातांत हळूच फिरवायची. बिस्किट, पाव, दूध बंद; मांस-मासळीचं खाणं, तेही मोजून. "आणि एक लक्षात ठेवा," त्या म्हणाल्या, "दिलं की नाही अशी शंका आली, तर देऊ नका. एक वेळ चुकली तर निभावतं. दोनदा गेलं तर जीव जाऊ शकतो. डुलायला लागला, कोसळला, तर हिरड्यांना साखरेचं पाणी चोळा आणि तसेच इकडे या."

घरी कामाची वाटणी आपोआप झाली. सुई सासूबाईंकडे, खाणं जावईबापूंकडे. ते सकाळी कोंबडीचं मांस उकडायचे, हाडं काढायचे, डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या डब्यातलं त्यात कालवायचे. शेठ खात असताना सासूबाई त्याच्या मानेमागची कातडी चिमटीत उचलायच्या, सुई आत-बाहेर, आणि शेठचं तोंड वाटीतून वरसुद्धा यायचं नाही. जावईबापू तेवढा वेळ खिडकीबाहेर बघत उभे. दुकानात त्यांनी पाटी लावली: 'शेठना काही देऊ नये. शेठ पथ्यावर आहेत.' सगळा रस्ता हसला, पण पाटी पाळली.

शेठला गुण आला. कातडीखाली मांस धरलं, पाय सरळ पडू लागले. सासूबाईंच्याही चालण्यात जुना तोरा आला. निवृत्त झाल्यापासून त्यांना कोणी काही विचारत नव्हतं. आता संध्याकाळ झाली की त्या हात धुऊन, बाह्या दुमडून तयार.

मग काही बारीकसारीक गोष्टी व्हायला लागल्या. इन्सुलिनची बाटली एकदा फ्रिजऐवजी काडेपेट्यांच्या कप्प्यात मिळाली. "तुम्हीच ठेवली असेल," सासूबाई म्हणाल्या. जावईबापूंनी नवी बाटली आणली. एकदा दुधाची वाटी शेठपुढे दिसली. "आई, दूध बंद आहे ना त्याला?" त्या बराच वेळ वाटीकडे बघत राहिल्या आणि मग चिडून म्हणाल्या, "मला शिकवू नका. तुमच्या वयाएवढी माझी नोकरी झालीय." त्यांनी कधी असा आवाज चढवला नव्हता. जावईबापूंना वाटलं, वय झालं, त्रागा व्हायचाच. त्यांनी वाटी उचलून मोरीत ओतली. रोज शेजारी असणाऱ्या माणसात झालेला बदल दिसत नाही. दिसला तरी माणूस त्याला दुसरंच नाव देतो.

तो दिवस मला नीट आठवतो, कारण खिडकीतून आलेली जावईबापूंची हाक मीच ऐकली. जावईबापू एका शाळेच्या काचा बसवायला गेले होते, परतायला उशीर झाला. वर गेले तर शेठ दाराशी आडवा. उठायचा प्रयत्न करायचा आणि डोकं एका बाजूला कलंडायचं. डोळे उघडे, पण त्यांत ओळख नाही. मग त्याचं सगळं अंग ताठ झालं आणि पाय झटकायला लागला.

सासूबाई स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभ्या होत्या. हातात भरलेली सिरिंज.

"बरं झालं आलात," त्या म्हणाल्या. "जरा धरा त्याला. संध्याकाळचं द्यायचं राहिलंय."

ओट्यावर, त्यांच्या कोपराशेजारी, दोन वापरलेल्या सिरिंजा पडल्या होत्या. सकाळची जावईबापूंनी स्वतः टाकून दिली होती. म्हणजे या दोन्ही संध्याकाळच्या, आणि हातात तिसरी.

त्यांनी ती सिरिंज हळूच काढून घेतली. म्हणाले, "आई, साखर कुठेय?" आणि उत्तराची वाट न बघता वाटीत साखर विरघळवून बोटाने शेठच्या हिरड्यांना चोळायला बसले. बोट चावलं गेलं, रक्त आलं, ते चोळत राहिले. मग खिडकीतून मला हाक मारली. मी गाडी काढली. सासूबाई मागच्या सीटवर शेठला टॉवेलात धरून बसल्या होत्या आणि परत परत एकच विचारत होत्या, "याला झालंय काय? सकाळी तर बरा होता."

डॉक्टरीणबाईंनी लगेच सलाईन लावली. थोड्या वेळाने झटके थांबले. मग त्या बाहेर आल्या. "डोस जास्त गेलाय. कोणी दिला?"

"मी," जावईबापू म्हणाले. "यांनी दिलंय हे मला माहीत नव्हतं. मी पुन्हा दिलं. चूक माझी."

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग बाकावर बसलेल्या सासूबाईंकडे, आणि आणखी काही विचारलं नाही.

शेठला तिथेच ठेवून आम्ही निघालो. घराच्या वळणावर सासूबाईंचा आवाज आला, अगदी शांत.

"जावईबापू, तुम्हाला तर सुईकडे बघवत नाही. खोटं कशाला बोललात?"

त्यांनी खिडकीची काच वर केली.

"माझ्या हातून झालं ना?"

"होतं कधी कधी, आई."

"होत नाही. इतकी माणसं माझ्या हाताखालून गेली, असं एकदाही झालं नाही. आणि मला आठवत नाहीये. चूक झाली याचं एवढं नाही. मला काहीच आठवत नाहीये."

दुसऱ्या दिवशी शेठ घरी आला, मलूल पण जिवंत. सासूबाईंनी खुर्ची ओढली आणि जावईबापूंना समोर बसवलं. "माझं डोकं आज ठिकाणावर आहे. उद्याचं सांगता येत नाही. आजच शिकून घ्या."

भांडी घासायच्या नव्या स्पंजवर पाण्याने सराव सुरू झाला. जावईबापूंच्या कपाळावर घाम. सासूबाईंनी एकदाही चेष्टा केली नाही. शिकाऊ नर्सला सांगावं तसं सांगत होत्या: "बोटं सैल सोडा. कातडीचा तंबू करा. सुई तंबूच्या तळाशी. डोळे मिटू नका! डोळे मिटून काच कापता का?" संध्याकाळी शेठच्या मानेवर पहिली खरी सुई दिली तेव्हा ती कातडीच्या पलीकडून बाहेर आली आणि सगळं औषध केसांवर सांडलं. त्यांनी घाबरून दुसरी सिरिंज उचलली. सासूबाईंनी मनगट धरलं.

"नाही. थोडं आत गेलं असेल, नसेल. आता सकाळीच."

मग जावईबापूंनी एक पद्धत बसवली. रोज सकाळी काचेच्या पेल्यात दोन सिरिंजा ठेवायच्या, बाकीच्या कपाटात कुलपाखाली. पेल्यात जेवढ्या उरल्या तेवढ्या बाकी. कोणाला विचारायला नको, कोणाला दुखवायला नको.

त्या आठवड्यात ते सासूबाईंना माणसांच्या डॉक्टरांकडेही घेऊन गेले. तपासण्या झाल्या. स्मृती जात चालली होती, आणि ती थांबवणारं औषध नव्हतं. परत येताना सासूबाई म्हणाल्या, "मी असे रोगी पाहिलेत. शेवटी शेवटी फार त्रास देतात. तुम्ही मला कुठेतरी ठेवा, मला राग नाही यायचा."

"बघू," ते म्हणाले. त्यांनी कुठेही ठेवलं नाही.

दिवसभर त्या आता दुकानात बसायच्या, शेठच्या शेजारी. कधी मला ओळखायच्या, कधी मी त्यांना वॉर्डातला रोगी वाटायचो आणि मला पडून राहायचा हुकूम व्हायचा. लेकीची चौकशी करायच्या. सुरुवातीला जावईबापू खरं सांगायचे. पण दर वेळी त्यांना ते पहिल्यांदाच कळत असे, आणि रडणंही तसंच पहिलं. मग ते नुसतं म्हणायला लागले, "बाहेर गेलीय." हे म्हणताना त्यांच्या हातातलं काच कापायचं हत्यार थांबायचं. पुन्हा चालू व्हायला वेळ लागायचा.

इकडे शेठची साखर उतरत गेली. पथ्य नीट पाळलं, वेळेवर औषध मिळालं, की काही मांजरांना पुढे इन्सुलिन लागत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. डोस कमी करत करत त्यांनी तो बंद केला. "खाणं मात्र असंच ठेवा. आणि पुन्हा पाणी जास्त पिऊ लागला तर लगेच या."

जावईबापूंनी ही बातमी मोठ्या आनंदाने घरी सांगितली. सासूबाई "छान झालं" म्हणाल्या. संध्याकाळी दिवे लागले आणि त्या उठल्या. "शेठला दिलं का?"

"आई, आता लागत नाही. बंद केलंय."

"कोणी बंद केलं? डॉक्टरांची सही आहे?" त्या फ्रिज उघडून शोधायला लागल्या. बरण्या बाहेर निघाल्या, एक फुटली. रोज असंच. कितीही समजावलं तरी ती वेळ झाली की त्यांचा जीव घाबरा व्हायचा.

शेवटी जावईबापूंनी पेल्यात पुन्हा एक सिरिंज ठेवली. रिकामी, सुईवरचं टोपण तसंच. संध्याकाळी शेठपुढे खाणं ठेवायचं, मानेमागची कातडी उचलायची, टोपण टेकवायचं, दट्ट्या दाबायचा. सासूबाई जवळ उभ्या राहून नीट बघायच्या.

"दिलं?"

"दिलं, आई."

"हात चांगला आहे तुमचा," एकदा त्या म्हणाल्या. "कुठल्या इस्पितळात होता?"

त्यानंतर त्या निवांत झोपायच्या. जावईबापूंनी हे कितीतरी महिने केलं. मी एकदा विचारलं, कंटाळा नाही येत? ते म्हणाले, "तेवढा वेळ त्या स्वतःच्या असतात."

हिवाळ्यात सासूबाईंना न्यूमोनिया झाला आणि चार-पाच दिवसांत त्या गेल्या. शेवटच्या दिवसांत त्या कोणालाच हाक मारत नव्हत्या. जावईबापू त्यांची ताप आलेली बोटं ओल्या फडक्याने पुसत बसले होते. मी खोलीत होतो; त्या गेल्यावरही बराच वेळ ते पुसतच राहिले, आणि मला त्यांना थांबवावंसं वाटलं नाही.

पुढच्या वर्षी शेठ पुन्हा पाणी जास्त प्यायला लागला. जावईबापूंनी एक दिवसही जाऊ दिला नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "साखर परत आलीय. पुन्हा सुरू करावं लागेल. घरी देणारं कोणी आहे?"

"मी देतो," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी मी वर गेलो होतो. त्यांनी मांस उकडून निववलं, वाटीत घातलं. बाटली तळहातांत फिरवली, औषध भरलं, उजेडाकडे धरून बुडबुडा काढला. शेठ खात होता. त्यांनी कातडी उचलली आणि डोळे उघडे ठेवून सुई दिली. शेठ खातच राहिला. मग ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "बसा, चहा टाकतो."