समुद्राखालचं रान पाहायला उज्जैनहून

मध्य भारत हे आमचं राज्य जाऊन मध्य प्रदेश आला, त्या हिवाळ्यातली ही गोष्ट. मी उज्जैनच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकत होते. पाटणकर सर एकदा वर्गात म्हणाले, "समुद्राच्या पाण्याखाली रान असतं. ते मोजायला कोण येतंय माझ्याबरोबर?" मी आणि शालिनीनं हात वर केले. समुद्र दोघींनीही पाहिलेला नव्हता. सरांच्या पत्नी, माई, सोबत होत्या म्हणून घरून परवानगी मिळाली.

रतलाम, गोध्रा, अहमदाबाद करत वीरमगामला छोट्या रुळांच्या गाडीत बसलो आणि ओख्याच्या अलीकडच्या एका गावी उतरलो. बरोबरच्या दशम्या संपल्या होत्या. तिथून पुढे बाजरीचे रोटले आणि गूळ. मुक्काम धर्मशाळेत. पाणी मचूळ, चहासुद्धा खारट लागायचा. जाणार असाल तर पाणी घेऊन जा, आणि जाड तळाचे बूट. खडकावरचे शिंपले पाय फाडतात.

ओहोटीला आम्ही कंबरभर पाण्यात उतरलो. सरांनी तळाला काच बसवलेला पत्र्याचा डबा दिला. तो पाण्यावर टेकवून आत पाहिलं आणि शालिनी ओरडलीच, "अगं, झाडं!" समुद्रशेवाळंच ती, खडकाला धरून वाढणारी, पण सोनेरी-तपकिरी, माझ्या मांडीएवढी, बोरासारख्या हवेच्या फुग्यांवर उभी राहून सगळी एकदम झुलत होती. पानांमधून बोटभर मासे फिरत होते.

"माशांची पिल्लं इथेच वाढतात," सर म्हणाले. "हे कापलं तर कोळ्यांच्या जाळ्यात काही येणार नाही." सौराष्ट्र सरकारकडून त्यांनी त्या पट्ट्यात कापणीला आणि खोदाईला मनाई मिळवली होती. आम्ही झाडांना लाल दोरे बांधून रोज त्यांची वाढ मोजायला लागलो.

एका सकाळी तिथे पडाव, म्हणजे मालाच्या मोठ्या होड्या, लागलेले दिसले. माणसं खडकाला भोकं पाडत होती.

"बंदर का काम है, पत्थर चाहिए," मुकादम म्हणाला.

"यहाँ मनाही है. हुकुम है," सर म्हणाले.

"तो दफ्तर से बात कर लो, साहब."

सर त्याच दिवशीच्या गाडीनं जिल्ह्याच्या गावी गेले आणि दुसऱ्या संध्याकाळी परतले. ओट्यावर बसून त्यांनी बूट काढले. मग तिथल्या कारकुनाचे शब्द सांगितले : "मास्टरजी, वो सौराष्ट्र का हुकुम था. सौराष्ट्र अब है कहाँ? बम्बई को लिखिए." आमच्या मध्य भारतासारखं सौराष्ट्र राज्यही गेलं होतं, मुंबई राज्यात मिसळून.

सकाळी मी आणि शालिनी त्या खडकावर जाऊन उभ्या राहिलो. मुकादम रागावला नाही. "बेटी, हट जाओ," एवढंच म्हणाला आणि विडी ओढत बसला. भरती लागली. पाणी छातीशी आलं, तेव्हा सरांनीच हाक मारली, "या गं परत. बस झालं."

पुढच्या ओहोटीला सुरुंग उडाले. पाणी दुधासारखं पांढरं झालं. सकाळी किनाऱ्यावर झाडांचा ढीग पडला होता, कित्येकांना आमचे लाल दोरे. सर म्हणाले, "मोजा."

"आता काय उपयोग, सर?"

"मोजा म्हणतोय ना!"

आम्ही मोजायला बसलो. माई पदरानं एकेका झाडाची वाळू पुसून देत होत्या. थोड्या वेळानं सरांनीच पट्टी खाली ठेवली. "राहू दे," म्हणाले.

उज्जैनला येऊन ते मुंबईला लिहीत राहिले. उत्तर आलं नाही. मग गुजरात वेगळं झालं, आणि कुणाला लिहायचं हेच पुन्हा बदललं. सरांनी विद्यार्थ्यांना परत कुठे नेलं नाही.

बऱ्याच वर्षांनी मी तिथे जाऊन आले. खडक नाही, तर रान कशावर उगवणार? नुसता गाळ होता. त्या किनाऱ्यावर इतरत्र अजून थोडं शिल्लक आहे म्हणतात. हिवाळ्यात, अमावास्येच्या ओहोटीला जा. लवकर जा, एवढंच सांगते.

त्या हिवाळ्यात परतून उज्जैनच्या फ्रीगंजमधल्या घरी पोचले, तर आई दारातच उभी होती. तिनंही समुद्र कधी पाहिला नव्हता. पिशवी हातातून घेत तिनं उत्सुकतेनं विचारलं, "कसा होता गं समुद्र?"

"मोठा होता," मी म्हटलं. ती पुढचं ऐकायची वाट बघत राहिली.