गुरुवारची सुट्टी

“त्या पाचांतलं एकजण कधी बोलतच नाही,” हेडफोनमध्ये कुणीतरी मराठीत म्हणालं. “इथं गप्प बसलं की होकार धरतात. झालंच समजा.” दुसरं कुणी हसलं.

ते एकजण म्हणजे मी. ऑनलाइन बैठक सुरू व्हायची होती, अध्यक्ष यायचे होते आणि अर्जदार कंपनीच्या साहेबांचा माइक चुकून चालू राहिला होता. माझ्या चौकटीत फोटो नव्हता, नावाच्या जागी चार इंग्रजी अक्षरं होती. मी लोणावळ्यात बसलेय आणि मला मराठी कळतं, हे त्यांना समजायला काही मार्ग नव्हता.

कोड सगळ्यांना खुला असलेली सॉफ्टवेअरं सांभाळणाऱ्या एका संस्थेत मी फावल्या वेळात काम करते. नवं सॉफ्टवेअर संस्थेत घ्यायचं की नाही, हे आमची पाच जणांची समिती ठरवते. अर्ज आला की तीन दिवस वाट पाहायची. कुणी हरकत घेतली नाही तर सगळ्यांचा होकार. एकानेही कारण देऊन नकार दिला तर अर्ज थांबतो. वर्षभरात मी एकदाही हरकत घेतली नव्हती. हा नियम माझ्यासारख्या अबोलांच्या सोयीसाठीच केलाय, असं मला वाटायचं.

अर्ज होता आंबीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीचा. डोंगरउतारावरचा पाऊस मोजून दरडीचा इशारा देणारं सॉफ्टवेअर. ते ज्यावर चालतं तो पाऊस मोजायचा एक डबा चाचणीसाठी आंदर मावळात, माझ्या मावशीच्या गावातल्या शाळेवर बसवला होता. आमची मान्यता मिळाली की आसपासच्या गावांतही बसणार होता. मावशी फोनवर खुशीत होती. “मास्तर म्हनले, आता डोंगराकडं बघत बसू नका, डबा बघतोय. बरं झालं न्हाई?” मी हो म्हणाले. तिचं घर डोंगराच्या अगदी पायथ्याशी आहे.

आमची एक अट आहे. सॉफ्टवेअर सांभाळणारे किमान तिघं हवेत आणि ते एकाच मालकाचे नोकर नकोत. उद्या कंपनीने अंग काढून घेतलं तर बिघाड दुरुस्त करायला कुणीतरी उरलं पाहिजे. अर्जात तिघं होते. एक आंबीचा, एक कोइमतूरचा, एक काठमांडूचा.

ज्यांच्याशी मी बोलू शकत नाही, त्यांचं मी वाचते. तिघांनी सात महिन्यांत लिहिलेला कोड वाचला. काम चांगलं होतं, माझ्यापेक्षा चांगलं. तरी काहीतरी खटकत होतं, म्हणून कोडच्या नोंदींवरच्या तारखा शेजारी शेजारी मांडल्या. तिघंही रविवारी काम करत होते. गुरुवारी मात्र एकाचीही एक ओळ नव्हती.

बाबा आंबीच्याच एका कारखान्यात होते. माझी शाळा रविवारी बंद, त्यांचा कारखाना गुरुवारी. लहानपणी आमची सुट्टी कधी एका दिवशी आलीच नाही. बाहेरच्या खोलीत जाऊन त्यांना विचारलं, आंबीला अजून गुरुवारीच सुट्टी असते का? “असते की. का गं, नोकरी बघतेस तिकडं?” ते पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले.

हरकतीचा मेल मी दोनदा लिहिला आणि दोनदा पुसला. मलाच माझा संशय येत होता. एका वारावरून कुणाला खोटं ठरवायचं? कोइमतूरच्या माणसाला गुरुवार पाळायची दुसरी काही कारणं असतील. चूक माझी निघाली, तर मावशीच्या गावाशेजारच्या गावांना डबा मिळायला उशीर माझ्यामुळे होणार. आणि मी बरोबर असले तर? सगळे त्या डब्यावर विसंबून निवांत, आणि डबा बंद पडला तरी बघणारं कुणी नाही.

अशा विचारांत तिसरा दिवस उजाडला, बैठक लागली आणि ते हसू ऐकू आलं.

अध्यक्ष आले. कंपनीच्या साहेबांनी उत्तम इंग्रजीत सगळं मांडलं. मग अध्यक्षांनी शेवटचं विचारलं, कुणाची हरकत? कुणीच बोललं नाही. ती शांतता होकारात जमा होताना मला जवळजवळ दिसत होती. समोरच्या कागदावर मी इंग्रजी वाक्य लिहून ठेवलं होतं. माइक चालू केला आणि तोंडातून मराठीच बाहेर पडलं.

“सर, तीन गावांची तीन माणसं, मग तिघांनाही आंबीचीच सुट्टी कशी? माझा नकार आहे.”