आबांनी बटण दाबलं नव्हतं

कुणाला घाबरवायला लिहीत नाहीये. मला राग आलाय, म्हणून लिहितेय. मी जळगावात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. रिपोर्टमध्ये दिसेल तेवढंच मानायचं, ही सवय. कुणी भुताखेताचं काढलं की मीच उठून जायचे.

माझे वडील, आबा, आमच्याकडच्या छोट्या गाडीवर गार्ड होते. पहूरकडची ती नॅरोगेज गाडी आता बंद झाली. आबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, गुडघे गेलेले. बऱ्याच दिवसांपासून एकच म्हणणं, "मले एकदा त्या लाइनीवरून ने."

तिथे कार जात नाही. आम्ही गेलो त्या भागातले रूळ काढलेत, उरलाय तो नुसता भराव, खडी आणि बाभळी. म्हणून रावेरच्या चुलतभावाची, हेमंतची, एटीव्ही मागितली. चार जाड चाकांची बाइक, केळीच्या बागेत फिरायला घेतलेली. तो स्वतः पिकअपमधून ती घेऊन आला, अर्धा तास मला शिकवलं आणि पहूरच्या अलीकडे रस्त्यावर थांबला.

डिसेंबरची सकाळ, साडेनऊ. दोन्ही बाजूंना कपाशीची वेचणी चाललेली आणि आम्ही उंचावरून... खरंच सुंदर दिसत होतं. आबा माझ्या मागे, दोन्ही हातांनी माझी कंबर घट्ट धरून.

एका मोडक्या दगडी फलाटापाशी इंजिन बंद पडलं. स्टार्टचं बटण दाबलं, काही नाही.

"थांब," आबा म्हणाले. "आठी, या फलाटाले, दोन मिनिटं थांबायची गाडी."

मी हसले. थोड्या वेळाने पुन्हा बटण दाबलं, गाडी चालू. पुढच्या पडक्या स्टेशनवर परत तेच.

"आठी पाच मिनिटं. आमच्या वेळेले इंजिन पाणी भरे."

या वेळी मी घड्याळ लावलं. दर मिनिटाला बटण दाबत होते. पाच मिनिटं झाली आणि पहिल्याच झटक्यात गाडी चालू. मी चिडलेच. "आबा, तुम्ही काही करताय का?"

"मी काय करू बाई? मले तर तिचं हँडलही दिसत नाही."

तिसऱ्यांदा बंद पडली तिथे स्टेशनच नव्हतं. एक वळण, खाली मोरी, बाजूला कडुनिंब. मी घड्याळात वेळ पाहून ठेवली. "इथे कोणतं स्टेशन?" मी विचारलं.  घरी दोन पायऱ्या चढायला ज्यांना माझा खांदा लागतो, ते आबा स्वतःहून उतरले आणि वीसेक पावलं पुढे जाऊन उभे राहिले. मी घाबरून त्यांच्यामागे धावले.

"आठी गाडी कधीच थांबत नव्हती," ते म्हणाले. "एकदाच थांबली. एक बाई होती, डोक्यावर गवताचा भारा. कानानं ऐकू येत नव्हतं तिले. गाडीखाली आली."

"मग?"

"जीव होता अजून. पाणी मांगे. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलो. बावीस मिनिटांत गेली."

हे त्यांनी आईलाही कधी सांगितलं नव्हतं. हात जोडून ते बराच वेळ तिथेच उभे राहिले.  मी त्यांचा दंड धरून उभी राहिले. आणि मागे गाडी चालू झाली. तिच्याजवळ कुणी नव्हतं. किल्ली लावलेली होती, पण बटण कुणी दाबलं? मी घड्याळात पाहिलं. थांबल्यापासून बावीस मिनिटं झाली होती.

परत आल्यावर हेमंतला सगळं सांगितलं, ही माझी चूक. संध्याकाळी फॅमिली ग्रुपवर त्याचा मेसेज — "आबांनी मागून इंजिन बंद करायचं लाल बटण दाबलं असणार. ताईला गाडीतलं काय कळतंय?" पुढे हसणारे चेहरे, आणि खाली सगळ्यांचे अंगठे. लाल बटण माझ्या डाव्या अंगठ्याखाली होतं. आबांचे हात माझ्या कमरेला. आणि शेवटी तर आम्ही दोघं वीस पावलं लांब. हे मी फोन करून सांगितलं, तर म्हणतो, "वय झालंय गं त्यांचं. लक्ष वेधून घेतात."

मेकॅनिकने गाडी पूर्ण खोलून पाहिली, दोष सापडला नाही. मग हेमंत एकटा त्या भरावावरून जाऊन आला, गाडी कुठेच थांबली नाही, आणि हा पुरावा म्हणून त्याने व्हिडिओ टाकला. आज ताप नाही म्हणून काल नव्हता, असं आमच्या लॅबमध्ये कुणी म्हणत नाही!

आबांनी तो व्हिडिओ पाहिला. मोरीच्या त्या वळणावरून हेमंत हॉर्न वाजवत, ओरडत जातो. आबांनी फोन पालथा ठेवला. त्या दिवशी जेवले नाहीत.

गाडी का थांबली, कशी चालू झाली, मला आजही माहीत नाही. तुम्हाला कारण सुचलं तर जरूर लिहा. पण माझ्या बापाला लबाड ठरवल्याशिवाय ते जुळत नसेल, तर तुमच्याजवळच ठेवा.