हृदयाचं काही खरं नाही

चहा गार व्हायच्या आत सांगून टाकतो. हा मूर्खपणा मी सांगितला नाही, तर आमची सुनंदा सांगते, आणि तिच्या तोंडून मी जास्तच मूर्ख दिसतो.

ऐंशीनंतरची पहिली दोन-तीन वर्षं. मी तुर्भ्याच्या एका कारखान्यात कारकून, वय एकतीस. वाशीला नवाकोरा फ्लॅट. लग्नाला दीड वर्ष झालेलं आणि बायको चिपळूणजवळच्या गावात शाळामास्तरीण. तिच्या बदलीचा अर्ज कुठल्या फायलीखाली झोपला होता, देव जाणे.

तेव्हाची वाशी म्हणजे चार इमारती आणि मधे नुसतं गवत. घरात सामान इतकं कमी, की मी शिंकलो तर चारी भिंती शिंकायच्या. कामावरून आलो की मी गच्चीवर जायचो. तिथून हायवे दिसायचा. कोकणात जाणाऱ्या एसट्या एकामागून एक निघून जायच्या आणि माझ्या छातीत धडधडायला लागायचं. जेवण घशाखाली उतरायचं नाही. तुम्हीच सांगा, माणसाला काय वाटेल?

मला काहीच वाटलं नव्हतं. पण एका रविवारी सलूनमध्ये न्हावी म्हणाला, "सायेब, कानशिलं पांढरी झाली की तुमची."

आणि त्याच वेळी समोरच्या जुन्या पेपरात मथळा: 'अकाली पांढरे केस ही हृदयविकाराची खूण?' शेवटी प्रश्नचिन्ह होतं. पण घाबरलेल्या माणसाला विरामचिन्हं दिसतात का?

झालं. केस पांढरे, छातीत धडधड, भूक नाही. मी घरी येऊन सुनंदाला पत्र लिहायला बसलो. ती एकटी, तिकडे लांब. एकदम 'हार्ट' लिहून घाबरवायचं कसं? म्हणून जपून जपून चार पानं लिहिली. 'माझ्या हृदयाचं आता काही खरं नाही. सगळं पत्रात लिहिता येत नाही. माझ्यावर राग धरू नकोस. तू अजून तरुण आहेस, स्वतःचा विचार कर.'

पत्र पेटीत टाकलं, तसाच सलूनमध्ये परत गेलो आणि केस काळे करून घेतले. का? तर सुनंदा अचानक आलीच, तर पांढरे बघून घाबरायला नको.

पुढच्या रविवारी बेल वाजली. दारात सुनंदा, आणि मागे तिचे थोरले भाऊ, बापू. सुनंदाचे डोळे सुजलेले. बापूंची नजर थेट माझ्या डोक्यावर.

"भावोजी, केस कधी काळे केलेत?"

"मागच्या रविवारी."

"कोणासाठी?"

"सुनंदासाठीच की. तिला कळू नये म्हणून."

बापूंनी हातातली पिशवी खाली ठेवली. माणूस भांडणाआधी ठेवतो तशी. सुनंदा स्वयंपाकघरात गेली आणि दोन कप घेऊन बाहेर आली. दोन्ही ओले.

"हा दुसरा कप कोणाचा?" तिनं हळू आवाजात विचारलं.

आता माझ्या डोक्यात उजेड पडला. चार पानं माझ्या डोळ्यांपुढून सरकली.

"तुझा," मी म्हटलं. "रोज दोन कप करतो. तुझा गार झाला की मीच पितो."

ती तिथेच खाली बसली. बापू खिडकीबाहेरचं गवत बघत राहिले.

मग मी हृदयाची खरी गोष्ट सांगितली. ती ऐकून दोघं जास्तच घाबरले आणि मला डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी छाती तपासली, प्रेशर घेतलं, ईसीजीची पट्टी काढली.

"वडिलांचे केस कधी पिकले?"

"तिशीतच."

"मग? लवकर पिकले तर एकदा तपासून घ्यावं, एवढंच. तुमचं हार्ट उत्तम आहे. धडधड कधी होते?"

मी बापूंकडे पाहिलं. मेव्हण्यासमोर असलं सांगायचं म्हणजे! पण सांगितलं. "संध्याकाळी. कोकणात जाणाऱ्या गाड्या दिसल्या की."

डॉक्टरांनी सुनंदाकडे पाहिलं, पेनाला टोपण लावलं. "याचं औषध माझ्याकडे नाही."

रजा टाकून ती आठ दिवस राहिली. त्या आठ दिवसांत मी गच्चीवर फिरकलो नाही. नवव्या दिवशी तिला एसटीत बसवलं. गाडी सुटेपर्यंत खिडकीशी उभा होतो.

शेवटी तीच म्हणाली, "चार पानं लिहिलीत तुम्ही. एकच अक्षर लिहिलं असतंत तरी पुरलं असतं."

"कुठलं?"

"ये."

गाडी गेली. मी हायवेच्या कडेला तसाच उभा. आणि लाज कशाची वाटली, सांगू? त्या कारखान्यात मी कारकून होतो ना, तो पत्रव्यवहार खात्यातला.